कूपरेजवरचा कप

२०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा मोसम बेमुदत लांबणीवर पडला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नवा होत नव्हता, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले होते. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी खेळाडूंचे पगार रोखले. वर्ष संपेपर्यंत देशातले मोठे क्लब एकमेकांसमोर आले ते दोन कपांमुळे, ड्युरँड आणि सुपर कप. ड्युरँडमध्ये तर निम्म्याहून अधिक आयएसएल क्लब उतरलेच नाहीत. मुंबई सिटीही उतरला नाही. तरीही तिथे एक विलक्षण गोष्ट घडली. २०२२ मध्ये जन्मलेल्या डायमंड हार्बर या क्लबाने उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालला हरवले. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांच्यावर ६-१ अशी मात केली, पण तोवर अख्ख्या बंगालला त्यांचे नाव पाठ झाले होते. डिसेंबरात सुपर कपचा अंतिम सामना फातोर्ड्याला झाला. गोल झालाच नाही, आणि एफसी गोवाने पेनल्टींवर ईस्ट बंगालला नमवले.

हे सगळे मी तळोज्यात बसून पाहिले. पेंधरपर्यंत मेट्रो आल्यापासून इथल्या इमारतींत राहायला आलेली माणसे सगळ्या देशातून आलेली आहेत. माझ्या मजल्यावर मलयाळी कुटुंब आहे, खाली बंगाली, समोर साताऱ्याकडचे. चेल्सी आणि बार्सिलोनाच्या जर्सी संध्याकाळी मैदानावर भरपूर दिसतात. भारतातल्या कपाचा विषय काढला की बहुतेकांचे उत्तर एकच असते, आता कपाला कोण विचारतो? लीग खरी, कप म्हणजे मोसमाआधीचा सराव.

हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगायचे तर मुंबईच्या कपाचीच गोष्ट सांगावी लागेल, कारण एके काळी या देशातल्या सर्वांत मोठ्या तीन कपांपैकी एक आपल्या दारात खेळला जात होता, आणि तो बंद पडला त्याची खंत करायलाही फारसे कोणी उरले नाही.

त्याचे नाव रोव्हर्स कप. सुरुवात १८९१. सिमल्याला ड्युरँड सुरू होऊन तीन वर्षे झाली होती, आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड सुरू व्हायला दोन वर्षे होती. मुंबईतल्या फुटबॉलवेड्या इंग्रजांनी ही स्पर्धा सुरू केली, आणि पहिल्या वर्षी वुस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने ती जिंकली. पुढची कितीतरी वर्षे विजेत्यांची यादी म्हणजे पलटणींची यादी आहे. पलटण बदली होऊन आली की नवा संघ, दुसऱ्या छावणीला गेली की संघही गेला. १९११ मध्ये रोव्हर्स कपाची समिती आणि मुंबईची फुटबॉल संघटना एक होऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. तो दिवस बंगालच्या इतिहासात कोरला गेला. मुंबईला तसा दिवस यायला अजून बराच अवकाश होता.

१९२३ मध्ये तोच मोहन बागान रोव्हर्ससाठी मुंबईला आला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. समोर डरहॅम लाइट इन्फंट्री होती. ४-१ असा पराभव झाला. त्यानंतर चौदा वर्षे पलटणींचेच राज्य चालू राहिले. मग १९३७ मध्ये बंगळूरचा बंगलोर मुस्लिम्स हा क्लब आला, त्याने अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगला १-० ने हरवले, आणि रोव्हर्स कप पहिल्यांदा भारतीय हातांत गेला. पुढच्या वर्षी त्याच बंगळूरकरांनी अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सना ३-२ ने नमवून तो राखला. कलकत्त्याच्या १९११ बद्दल आपण शाळेत ऐकतो, चित्रपटांत पाहतो. मुंबईत घडलेल्या १९३७ बद्दल मुंबईतल्या मुलाला कोणी सांगत नाही, आणि मला हे बोचते. १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने बंगळूरचा हिशेब चुकता केला, रोव्हर्स जिंकला, आणि त्याच मोसमात दिल्लीला रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरँडही जिंकला.

त्या काळी मोसम कसा चाले हे समजून घेतल्याशिवाय कपाचे वजन कळणार नाही. लीग असे ती शहरापुरती. कलकत्त्याची लीग कलकत्त्यात, मुंबईची हारवुड लीग मुंबईत. कलकत्त्याचा संघ मुंबईच्या संघाशी खेळणार कधी, हैदराबाद बंगालशी भिडणार कुठे? त्याचे उत्तर कप हेच होते. पाऊस सरत आला, कलकत्त्याची लीग आणि शील्ड आटोपली की मोठे संघ आगगाडीने मुंबईला निघत, कूपरेजवर रोव्हर्स खेळत, आणि थंडी पडू लागली की दिल्लीला ड्युरँडसाठी जात. देशात कोण सर्वांत चांगले हे ठरवायचे ठिकाण तेच. राष्ट्रीय लीग १९९६ पर्यंत नव्हतीच. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे भारतीय फुटबॉलची खरी परीक्षा कपांत झाली.

कूपरेज आजही आहे, महर्षी कर्वे रस्त्यावर, ओव्हल मैदानाच्या पलीकडे. लहान मैदान, चारी बाजूंनी दाटीवाटीची शहरी वस्ती. तळोज्याहून तिथे जाणे तेव्हा सोपे नव्हते. वाशीच्या खाडीवर पूल झाला तो १९७० च्या दशकात. त्याआधी पनवेल तालुक्यातला माणूस मुंब्रा-ठाण्याच्या रस्त्याने मुंबई गाठे, आणि तो रस्ता तळोज्यावरूनच जाई. इथल्या जुन्या गावातली आगरी आणि कोकणी मुसलमान कुटुंबे गोदीत, गिरणीत, जहाजावर कामाला असत. मुंबईत राहणाऱ्या नात्यातल्या माणसाकडे मुक्काम करून सामना पाहायचा, हीच तेव्हाची रीत.

आता १९५० ते १९५४ या पाच वर्षांकडे येऊ. या पाच वर्षांवर एखादे पुस्तक लिहावे अशी माझी फार इच्छा आहे. या पाचही वर्षी रोव्हर्स एकाच संघाने जिंकला, आणि तो संघ कलकत्त्याचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. तो हैदराबाद सिटी पोलिस होता. शिपायांचा संघ. दिवसा बंदोबस्त, संध्याकाळी सराव. नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन हे त्यांतले दोघे पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले. त्यांना घडवणारा माणूस पेशाने शिक्षक होता, सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना सगळे रहीमसाहेब म्हणत. ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव होते आणि त्यांची शिकवण्याची रीत शाळामास्तराची होती. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या ज्यांत चेंडू पायात खेळवत पुढे न्यायला बंदी, मिळाला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या काही स्पर्धा अशा की फक्त कमजोर पायानेच मारायचे. शिक्षेसारखी वाटणारी ही शिस्त मैदानावर वेगात बदलली. आखूड पास, जागा सोडून जागा घेणे, आणि समोरचा संघ चेंडूच्या मागे धावत राहणे. १९५० मध्ये याच संघाने दिल्लीला ड्युरँडच्या अंतिम सामन्यात मोहन बागानलाही हरवले.

या पाच वर्षांत हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन नुकतेच स्थिरावत होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच हैदराबाद राज्यात होते. म्हणजे आजच्या मराठवाड्याचा सरकारी पत्ता तेव्हा हैदराबाद असे, आणि रोव्हर्स पाच वेळा लागोपाठ जिंकणारा संघ मराठवाड्यातल्या लोकांच्याही राज्याच्या राजधानीचा संघ होता. महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात या संघाला कुठेच स्थान मिळालेले नाही. त्याला जागा द्यायला हवी. रहीमसाहेबांनी भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवून दिले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानापर्यंत नेले. १९६३ मध्ये ते गेले. रोव्हर्स लागोपाठ पाचदा जिंकणे पुन्हा कोणालाही जमले नाही.

मेलबर्नच्या त्या संघात मुंबईचा एक माणूस होता, नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्याचा, खेळायचा टाटा आणि कालटेक्ससाठी. १ डिसेंबर १९५६ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४-२ असा विजय मिळवला, त्यांतले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. गोलरक्षक एस. एस. नारायण हेही मुंबईचेच, माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेले, टाटा आणि कालटेक्सची गोलपोस्ट राखणारे, आणि दोन ऑलिंपिक खेळलेले. १९५८ मध्ये कालटेक्सने रोव्हर्स जिंकला, आणि कप मुंबईत राहिला.

टाटा आणि कालटेक्स या नावांकडे जरा थांबून पाहायला हवे. टाटा, कालटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, महिंद्रा, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ, बँका. मुंबईचे मोठे संघ हे सगळे कचेरी-कारखान्यांचे. खेळाडूला नोकरी मिळे, घराला आधार होई, आणि दुपारनंतर मैदानावर जायची सवलत असे. गोव्याहून आलेली पोरे धोबीतलाव-माझगावच्या कूडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावांच्या सामायिक वसतिगृहांमध्ये, राहात, आपल्या गावच्या क्लबाकडून खेळत, आणि चांगली खेळली तर कंपनीत चिकटत. या व्यवस्थेने शेकडो घरे उभी राहिली. तिला मी कमी लेखत नाही. पण एक उणीव तिच्यात होतीच. कंपनीच्या संघाला खेळाडू होते, व्यवस्थापक होते, कॅन्टीन होते. पाठीराखे मात्र नव्हते. बर्मा शेल हरला म्हणून गिरगावात कोणी जेवण टाकले नाही.

मग कूपरेज भरत कोणाच्या जिवावर असे? पाहुण्यांच्या. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल आले की मुंबईतले सगळे बंगाली तिथे. सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे निस्सीम चाहते होते हे चित्रपटसृष्टीत सर्वांना माहीत होते. मोहम्मडन स्पोर्टिंग आले की मुस्लिम मोहल्ले उठून येत. हैदराबाद पोलिस, पुढे आंध्र पोलिस आले की हैदराबादी. सत्तरच्या दशकात धेंपो आणि नंतर साळगावकर आले की मुंबईतला गोवेकर. दिलीपकुमार फुटबॉलचे दर्दी होते, आणि प्राण यांनी तर मुंबईत स्वतःचा फुटबॉल क्लबच पोसला होता. ज्या शहरात अर्धी माणसे बाहेरून आलेली, त्या शहरात आपल्या गावचा संघ वर्षातून एकदा दाराशी येतो, हा आनंद लीगमधल्या पंचवीस सामन्यांत विभागता येत नाही. हरलो तर पुढच्या आठवड्यात भरून काढू, ही सोय कपात नसते. आज जिंका, नाहीतर रात्रीच्या गाडीने परत. १९७२ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल अंतिम सामन्यात भिडले, निकाल काही लागेना, आणि शेवटी कप दोघांत वाटून द्यावा लागला. दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांना तो निकाल पुरला नसणार, पण नाव घेत राहायला वर्षभराचा विषय मिळाला.

माझे म्हणणे इथेच आहे. रोव्हर्सला प्रेक्षक कधीच कमी नव्हते. त्याला मालक नव्हता. मुंबईचा संघ हा मुंबईकराचा नव्हता आणि ज्याचा संघ होता तो प्रेक्षक मुंबईत पाहुणा होता. त्यामुळे कप अडचणीत आला तेव्हा त्याच्यासाठी उभे राहायला कोणीच नव्हते.

अडचण एका बाजूने आली नाही. १९७७ मध्ये फेडरेशन कप सुरू झाला, एर्नाकुलमला, आणि तिथे पहिल्याच वर्षी बंगळूरच्या आयटीआयने मोहन बागानला १-० ने हरवले. आता देशभरच्या क्लबांना भिडायला आणखी एक स्पर्धा मिळाली. १९८३ च्या विश्वचषक क्रिकेटनंतर वर्तमानपत्रांचे खेळाचे पान बदलले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईच्या कामगार वस्त्यांचे कंबरडे मोडले, आणि खेळाडूंना नोकरी देणारे कारखाने एकेक करून हात आखडते घेऊ लागले. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि तिने मोसमाचा मधला भाग व्यापला. रोव्हर्सला उरल्या त्या अडनिड्या तारखा. मोठे क्लब येणार की नाही, आले तर पहिला संघ पाठवणार की दुसरा, हे शेवटपर्यंत ठरेना. २०००-०१ च्या मोसमात मोहन बागानने रोव्हर्स जिंकला, त्यांचा चौदावा, कोणत्याही संघापेक्षा जास्त. तोच शेवटचा ठरला. ११० वर्षे चाललेली स्पर्धा थांबली आणि त्यासाठी मुंबईत मोर्चा निघाला नाही, सह्यांची मोहीम झाली नाही.

पुढच्या सोळा-सतरा वर्षांत काय झाले ते झटपट सांगतो, कारण त्यात दुःखापलीकडे फार काही नाही. महिंद्रा युनायटेडने २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन कप जिंकला, डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही जिंकली, ड्युरँड आणि शील्ड मुंबईला आणली. इतके करून २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवरून आय-लीगमधून बाहेर गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. कोणत्याही ताळेबंदातली एक ओळ खोडली की संघ नाहीसा होतो, हे मुंबईने तीनदा पाहिले.

आता कोल्हापूर. महाराष्ट्रात कपाला कोण विचारतो असे म्हणणाऱ्याने एकदा छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसावे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ही फुटबॉल संघांची नावे आहेत. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी चेंडू हाती घेतला आणि पेठापेठांतली जुनी चुरस मैदानावर आली. तालमीचा संघ म्हणजे पेठेचा संघ, गणपतीही त्याच मंडळाचा, आणि वर्गणीही त्याच घरांतून. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग असते, पण गर्दी उसळते ती चषकांना. सतेज चषक, अटल चषक, राजेश चषक, नेताजी चषक. बहुतेक चषकांना पुढाऱ्यांचे पाठबळ असते, हे खरे, आणि कोणाचे नाव कोणत्या चषकाला यावर शहराचे राजकारणही वाचता येते. पण पायऱ्यांवर बसलेला माणूस पुढाऱ्यासाठी आलेला नसतो. पाटाकडील आणि दिलबहार उपांत्य सामन्यात समोरासमोर आले की चार दिवस आधीपासून चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. आजोबा, बाप आणि नातू एकाच तालमीचे असतात. संघ बदलणे म्हणजे घर बदलणे.

त्याची वाईट बाजूही मी लपवणार नाही. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, पोलिसांना लाठी उगारावी लागली आहे, आणि चांगल्या खेळाडूंचा मोसम त्यात वाया गेला आहे. चषक जिंकण्याच्या हट्टापायी मंडळांनी आफ्रिकेतले खेळाडू आणले, त्यातून खेळ सुधारला आणि खर्चही वाढला. तरी याच मातीतून अनिकेत जाधव आला, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या गावात चषक जिवंत, त्या गावात दहा वर्षांच्या मुलाला आपण कोणासारखे व्हायचे हे दिसत असते. ते त्याला टीव्हीवर शोधावे लागत नाही.

जगभर हाच प्रश्न आहे. इंग्लंडच्या एफए कपात २०२४-२५ पासून बरोबरीनंतर पुन्हा खेळायचा सामना रद्द झाला, कारण मोठ्या क्लबांना वेळ नव्हता. लहान क्लब चिडले, कारण मोठ्या मैदानावरच्या त्या दुसऱ्या सामन्याच्या तिकिटांतून त्यांचे वर्ष निघत असे. आणि त्याच मोसमात क्रिस्टल पॅलेसने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून आपल्या इतिहासातला पहिला मोठा चषक उचलला. त्या संध्याकाळी लंडनच्या दक्षिण भागात कपाचे महत्त्व कोणालाही पटवून द्यावे लागले नाही.

आपल्याकडे ड्युरँड तरला तो सैन्यदलांच्या आधारावर. तोही दिल्लीहून गोव्याला गेला, मधली काही वर्षे झालाच नाही, आणि २०१९ मध्ये कलकत्त्याला जाऊन स्थिरावला. म्हणजे मेलेला वाटणारा कप परत उठतो. लोकांचे त्याच्याशी काय नाते आहे हे १८ ऑगस्ट २०२४ ला दिसले. कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर महिलेवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर शहर पेटले होते, आणि त्या दिवशीचा ड्युरँडमधला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना प्रशासनाने रद्द केला. तरी दोन्ही संघांचे पाठीराखे सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, मोहम्मडनचेही आले, आणि तिन्ही रंग एकत्र उभे राहून न्याय मागू लागले. पोलिसांनी लाठीमार केला. ज्या कपाला कोणी विचारत नाही असे म्हणतात, त्याचा एक सामना रद्द झाला म्हणून शहर रस्त्यावर आले, कारण त्या सामन्याच्या निमित्ताने लोक एकमेकांचे कोणीतरी होते.

नवी मुंबईला प्रेक्षकाची वाण नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१४ च्या ऑक्टोबरात मुंबई सिटीने पुण्याला ५-० ने हरवून आपल्या घरच्या मैदानाचा श्रीगणेशा केला. २०१७ मध्ये स्पेन आणि माली यांचा १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना इथे झाला, २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच, ज्यात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. २०२३ च्या नोव्हेंबरात सौदीचा अल हिलाल आशियाई स्पर्धेसाठी याच मैदानावर आला. खारघरला सिडकोने फुटबॉलचे प्रशिक्षण केंद्र उभारले, तळोज्यापासून मेट्रोची काही स्थानके. सगळे जग इथे येऊन खेळून गेले. इथल्या माणसाचा स्वतःचा कप मात्र नाही. मुंबई सिटी २०२२ मध्ये ड्युरँडच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि बंगळुरूकडून २-१ ने हरला, तो सामनाही कलकत्त्यात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. रोव्हर्स पुन्हा सुरू करा, पण जुन्या चुका न करता. कंपन्यांच्या संघांवर तो उभा करू नका. पाऊस संपल्यावरचे तीन आठवडे त्याच्यासाठी राखून ठेवा, महासंघाशी भांडून ठेवा, उरलेल्या तारखा घेऊ नका. सोळा संघ पुरेत. कलकत्त्याचे तिघे यावेत, गोव्याचे दोघे, हैदराबाद, केरळ, ईशान्येकडचा एखादा. कोल्हापूरच्या मोसमाचा विजेता थेट मुख्य फेरीत हवा, पात्रता फेरीत नाही. नवी मुंबईतल्या आणि पनवेलच्या क्लबांची एक जागा असावी, आणि ती जिंकण्यासाठी खारघर, कळंबोली, तळोज्याच्या मुलांनी आधी आपापसात खेळावे. तिकीट इतके ठेवा की माझ्या मजल्यावरचा मलयाळी आणि खालचा बंगाली दोघे मुलांना घेऊन येतील, प्रत्येकाने आपला संघ निवडावा, आणि येताना-जाताना डब्यात भांडावे.

काही सामने नेरूळला ठेवा. पण पहिला सामना कूपरेजवरच हवा, मोहन बागान विरुद्ध कोल्हापूरची एखादी तालीम, रविवारी दुपारी चारला. पेंधरहून मेट्रोने बेलापूर, तिथून हार्बर लाइनने सीएसएमटी, पुढे चालत. एकला घरून निघालेला माणूस आरामात पोहोचतो.